शुश्रूषा करणारी आई : साधनाताई आमटे

आजारी माणसाजवळ राहून त्याची काळजी वाहणे, याला आपण मराठीत शुश्रूषा म्हणतो. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या मूळ अर्थाकडे आपले लक्ष जात नाही. संस्कृतात शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकावे म्हणून शिष्य त्याच्याजवळ राही. जवळ राहिला म्हणजे त्याची सेवाही करी. अशा रीतीने ऐकण्याच्या इच्छेला सेवेचा अर्थ आला, आणि पुढे तो शब्द मुख्यतः रुग्णसेवेकडे गेला. एका आईचे आणि आजीचे स्मरण करताना हा मूळ अर्थ मला पुनःपुन्हा आठवतो. त्या म्हणजे आनंदवनाच्या साधनाताई आमटे. ९ जुलै २०११ रोजी, वयाची पंच्याऐंशी वर्षे पुरी करून, त्यांनी आनंदवनातच देह ठेवला.

साधनाताई कोणत्याही रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या नव्हत्या. पांढरा गणवेश त्यांनी कधी घातला नाही. तरीही मी त्यांना परिचारिका म्हणतो, ते केवळ गौरवापोटी नव्हे. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास परिचर्येवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकात औषधांपेक्षा अधिक जागा स्वच्छ हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता आणि योग्य अन्न यांना मिळालेली आहे. रोग्याला बरे करणे हे निसर्गाचे काम. निसर्गाला ते करता यावे अशी परिस्थिती राखणे हे परिचारिकेचे काम, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. ही व्याख्या मान्य केली म्हणजे साधनाताईंनी साठ वर्षे काय केले याचे यथार्थ नाव आपल्याला सापडते.

साधनाताईंचा जन्म ५ मे १९२६ रोजी नागपुरात, घुलेशास्त्र्यांच्या विद्वान घराण्यात झाला. माहेरचे नाव इंदू. घर जुन्या वळणाचे, देवधर्म आणि सोवळेओवळे निष्ठेने पाळणारे. अशा घरातील मुलीच्या आयुष्याची चाकोरी त्या काळी जवळजवळ ठरलेली असे. परंतु मुरलीधर देवीदास आमटे या वरोऱ्याच्या तरुण वकिलाने तिला पाहिले ते एका लग्नघरी, आणि तेही मंडपातल्या नटलेल्या मुलींत नव्हे. घरातली म्हातारी मोलकरीण धुण्याच्या ढिगापुढे थकून गेली होती, आणि ही मुलगी मंडप सोडून, कोणाला न सांगता तिच्या मदतीला गेली होती, असे सांगतात. १९४६ साली दोघांचा विवाह झाला आणि इंदूच्या साधना झाल्या.

आमटे घराणे जमीनदारीचे. मुरलीधरपंत, म्हणजे पुढे सर्व महाराष्ट्राने ज्यांना बाबा म्हटले ते, वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे जिणे काय असते हे कळावे म्हणून त्यांनी स्वतः मैला वाहून नेण्याचे काम काही महिने केले. लग्नानंतर या जोडप्याने वरोऱ्यास श्रमाश्रम काढला. निरनिराळ्या जातींची माणसे तेथे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि श्रमावर पोट भरीत. सोवळ्यात वाढलेल्या मुलीने आपल्या स्वयंपाकघराचा उंबरठा सर्वांना मोकळा केला. पुढे जे घडले त्याची ही पूर्वतयारी होती असे आता म्हणता येते.

तुळशीरामची हकीकत अनेकांना ठाऊक आहे. भर पावसात रस्त्याकडेला पडलेला, कुष्ठरोगाच्या अखेरच्या अवस्थेतला तो माणूस पाहून बाबा प्रथम भयाने घरी निघून आले. मग आपल्याच भयाची लाज वाटून ते परत गेले, त्याला आडोसा केला, आणि तो मरेपर्यंत त्याची सेवा केली. त्यानंतर त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य वेचावयाचे ठरविले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी चालविलेले काम त्यांनी पाहिले, आणि कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात जाऊन या रोगाचा अभ्यास केला.

येथवरची कथा बाबांच्या धैर्याची आहे, आणि ती सांगण्यासारखी आहेच. परंतु त्याच वेळी त्या घरात दुसरा एक प्रश्न उभा होता, तो पुरुषाच्या धैर्याने सुटण्याजोगा नव्हता. थोरल्या विकासचा जन्म १९४७ चा, धाकट्या प्रकाशचा १९४८ च्या डिसेंबरातला. आनंदवनात पाऊल टाकताना एक जेमतेम चार वर्षांचा, तर दुसरा अडीच वर्षांचा होता. कुष्ठरोग हा दीर्घ सहवासाने होणारा रोग, आणि मुलांना त्याचा धोका मोठ्यांपेक्षा अधिक, असे त्या काळचे जाणकारही मानीत. आपला जीव धोक्यात घालण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. पण कडेवरच्या मुलाच्या वतीने तो धोका कोणी पत्करावा? शेजारी, नातेवाईक, गावकरी, सर्वांचा हाच प्रश्न असणार, आणि तो अयोग्य होता असे आपण म्हणू शकत नाही.

या प्रश्नाला साधनाताईंनी तात्त्विक उत्तर दिले नाही. मुले आजोळी ठेवून आपण सेवेला जावे, असाही मध्यममार्ग त्यांनी काढला नाही. मुलांना घेऊन त्या गेल्या. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांच्या अंगी या रोगाला रोखण्याची उपजत शक्ती असते, तो सहजासहजी लागत नाही, औषध सुरू झाल्यावर तर रुग्णापासून इतरांना धोका जवळजवळ उरत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. १९५१ साली ही खात्री इतक्या स्पष्टपणे कोणी देऊ शकत नव्हते. म्हणूनच त्यांच्या निर्णयाचे मोल आजच्या ज्ञानाने ठरवू नये, त्या दिवशीच्या भयाने ठरवावे.

महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ साली झाली. वरोऱ्याजवळची खडकाळ, झुडपांनी भरलेली पन्नास एकर जमीन मिळाली, आणि १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. भांडवल म्हणाल तर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. जवळपास पाणी नव्हते. विहीर खणावी लागली, आणि ती खणली बोटे झडलेल्या हातांनी. साप आणि विंचू यांची तर वस्तीच होती.

अशा ठिकाणी संसार मांडणे म्हणजे काय, याचा विचार गृहिणींनी अधिक चांगला करावा. रोगाची विद्या बाबांनी संपादन केली होती. जखमा धुणे, बांधणे, इंजेक्शने देणे यांत ते वाकबगार झाले. परंतु जखम बांधून झाल्यावर उरलेला सगळा दिवस रुग्णाचा असतोच. त्याला वेळेवर जेवण लागते. पाणी उकळावे लागते. पट्ट्या आणि अंथरूण-पांघरूण धुवावे लागते. तापाने फणफणलेल्या माणसाजवळ रात्री कोणीतरी जागावे लागते. गायीची धार काढणे, धान्य निवडणे, चूल पेटती ठेवणे, भाजीच्या वाफ्यांना पाणी देणे, आणि या सर्वांत आपली दोन मुले वाढविणे, हा साधनाताईंचा दिनक्रम होता. त्याला सुट्टी नव्हती आणि त्याचा अहवालही कोठे लिहिला जात नव्हता.

आता त्या मूळ शब्दाकडे वळू. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा असे मी म्हणालो. इतर रोगांत रोगी कण्हतो, दुखते म्हणून सांगतो, आणि परिचारिका धावून येते. कुष्ठरोगाची रीत निराळी आहे. त्याचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात आणि हातापायांची संवेदना हरपते. पायात काटा मोडला तरी कळत नाही. चुलीवरचे भांडे उचलताना बोटे भाजली तरी हात मागे येत नाही. रोगाने मांस आपोआप सडते आणि बोटे गळतात, अशी समजूत शतकानुशतके होती. वेल्लोर येथे काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की, ही हानी मुख्यतः वेदना नाहीशी झाल्यामुळे होते. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो; जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि मग बोट उरत नाही.

याचा अर्थ असा की, कुष्ठरोग्याचे शरीर तक्रार करीत नाही. त्याच्या तळव्यांकडे रोज कोणीतरी पाहावे लागते. चालण्यात फरक पडला काय, हाताला फोड आला काय, हे तो सांगण्याआधी दुसऱ्याने ओळखावे लागते. रोग्याचे मनही असेच मुके झालेले असते. घरच्यांनी टाकले, गावाने दगड मारले, असा माणूस काही मागत नाही. मागण्याची सवयच मोडलेली असते. जो बोलत नाही त्याचे ऐकणे ही शुश्रूषेची खरी कसोटी होय. आणि येथे आईचा अनुभव कामी येतो. तान्हे मूलही बोलत नसते. त्याला काय हवे ते आईला ओळखावेच लागते. साधनाताईंची परिचर्या ही त्यांच्या मातृत्वाहून निराळी विद्या नव्हती. जे कान आपल्या मुलांसाठी जागे होते तेच इतरांसाठीही जागे राहिले, एवढेच.

समाजाला हे पटावयास वेळ लागला. आनंदवनात धान्य पिकू लागले, भाजीपाला येऊ लागला, गायी दूध देऊ लागल्या. परंतु वरोऱ्याच्या बाजारात तो माल घ्यावयास कोणी तयार होईना. रोग्याचा हात लागलेली भाजी कोण खाणार? १९५४ च्या सुमारास एका आंतरराष्ट्रीय सेवासंघटनेचे निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने राबून इमारती उभ्या केल्या, तेथेच राहिले, तेथलेच अन्न खाल्ले. परदेशांतील माणसे तेथे जेवतात हे पाहिल्यावर गावकऱ्यांची भीड चेपली. या घटनेची नोंद घेताना आपण इमारतींकडे पाहतो. पण भय गेले ते इमारती पाहून नव्हे, पंगत पाहून. ती पंगत मांडण्याचे काम स्वयंपाकघराचे होते, आणि स्वयंपाकघर साधनाताईंचे होते.

कुष्ठरोग्याला औषध मिळाले तरी घर परत मिळत नसे. आपल्या कायद्यांचीही त्याला साथ होती. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याची मुभा दिली होती. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत नमूद होते. ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. म्हणजे साधनाताईंच्या हयातीत ते तसेच होते. पती किंवा पत्नी रोगी निघाल्यास तिला सोडावे, असे जेव्हा कायदा म्हणत होता, तेव्हा आनंदवनात रोगमुक्त स्त्रीपुरुषांची लग्ने लागत होती, त्यांचे संसार थाटले जात होते, टाकून दिलेली मुले ‘गोकुळ’मध्ये वाढत होती, आणि वृद्धांना उतारवयाचा निवारा मिळत होता. पुढे अंधांची आणि मूकबधिरांची विद्यालये आली, महाविद्यालये आली. १९६७ नंतर सोमनाथ येथे श्रमसंस्कार शिबिरे सुरू झाली आणि दर उन्हाळ्यात तरुण तेथे लोटू लागले. या सर्वांना साधनाताई ‘ताई’ होत्या, पण त्यांच्याशी त्यांचे नाते आईचेच राहिले.

आईच्या दृष्टीने दुसरी कसोटी पुढे आली. विकास आणि प्रकाश दोघेही नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. कोणत्याही आईला येथे विसावा वाटावा. थोरले आनंदवनाच्या कामात आले. धाकटे, पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह, गडचिरोलीच्या जंगलात भामरागडजवळ हेमलकसा येथे गेले. तेथे १९७३ च्या डिसेंबरात माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला होता. रस्ते नव्हते, वीज नव्हती; पावसाळ्यात नद्यांना पूर आला म्हणजे जगाशी संबंध तुटत असे. १९५१ साली साधनाताईंनी आपली मुले धोक्याच्या ठिकाणी नेली होती. आता मुलगा आपण होऊन, आपल्या पत्नीसह, तशाच ठिकाणी निघाला होता. मुलाने आपल्यासारखे व्हावे असे अनेक आईबापांना वाटते. ते खरोखर घडले म्हणजे काळजीने रात्री काढणे आईच्या वाट्याला येते, हे मात्र सांगितले जात नाही.

बाबांच्या पाठीच्या कण्याचा विकार बळावत गेला. त्यांना बसता येईना. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच दोन पर्याय उरले. कमरेला पट्टा, वारंवार शस्त्रक्रिया, आणि तरीही स्वस्थ न बसणारे मन. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या ‘भारत जोडो’ यात्रेत ते वाहनात आडवे पडून गेले. अशा रुग्णाची परिचर्या ही एका दिवसाची गोष्ट नसते. औषधाच्या वेळा, कुशीवर वळविणे, पथ्याचे जेवण, येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता सांभाळून मिळवावयाची विश्रांती, हे सर्व तीस वर्षांहून अधिक काळ साधनाताईंनी पाहिले.

आपल्या माळव्या-निमाडातल्या श्रोत्यांना त्यांचा पुढचा मुक्काम आठवत असेल. १९९० साली बाबा आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या काठी येऊन राहिले. धरणाखाली जाणाऱ्या गावांच्या बाजूने उभे राहण्यासाठी ते आले होते. धरणाच्या प्रश्नावर मते निरनिराळी होती आणि आहेत. तो आजचा विषय नाही. साधनाताई त्या वेळी चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्या वयात नातवंडांच्या घोळक्यात बसावे, तर त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या पतीसह अनोळखी मुलखात दुसऱ्यांदा घर मांडले आणि दहा वर्षे चालविले. कार्यकर्ते, पाहुणे, पत्रकार, आजूबाजूचे शेतकरी असे कोणीही दारी आले, तरी चहा आणि जेवण असे. चाळीस वर्षांपूर्वी आनंदवनात जे केले तेच त्यांनी नर्मदेकाठी केले.

साधनाताईंनी आपले आत्मकथन लिहिले आणि त्याला ‘समिधा’ हे नाव दिले. यज्ञात पडणारे लाकूड ते समिधा. ज्वाला दिसते, लाकूड दिसत नाही. नाव समर्पक आहे, आणि विनयाचे आहे. परंतु हा विनय त्यांचा आहे. त्याचा फायदा आपण घेऊ नये. कर्त्या पुरुषाच्या मागे उभी राहिलेली पत्नी, एवढीच ओळख देऊन आपण मोकळे होतो आणि तिच्या कामाचा हिशेब करण्यातून सुटतो. आनंदवनाच्या इतिहासात विहिरी, इमारती, एकरांचे आकडे आणि पुरस्कार यांची नोंद आहे. शिजवलेल्या जेवणांची, जागलेल्या रात्रींची आणि पुसलेल्या डोळ्यांची नोंद नाही. ही नोंद नसली म्हणून ते काम दुय्यम ठरत नाही. ते नसते तर पहिल्या पावसाळ्यातच आनंदवन ओस पडले असते, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्याच वर्षी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. तो पाहावयास बाबा नव्हते; साधनाताई होत्या. नातवंडांपैकी काहींनी तोवर त्याच वाटेवर पावले टाकली होती. त्यांच्यातील दिगंत तर डॉक्टर होऊन हेमलकशाच्या दवाखान्यात काम करू लागले. आजी म्हणून त्यांच्या नशिबी आले ते हे सुख: आपण ज्या भयाला सामोरे गेलो, ते नातवंडांच्या लेखी भयच उरले नाही. ज्यांच्या स्पर्शाला सारे गाव घाबरत होते, त्यांच्या मांडीवर ही मुले खेळली. एका कुटुंबात दोन पिढ्यांत एवढा पालट व्हावा, ही लहान गोष्ट नव्हे.

एका कुटुंबात जे झाले ते अजून साऱ्या समाजात झालेले नाही. कुष्ठरोगावर १९८० च्या दशकापासून तीन औषधांची एकत्रित उपाययोजना उपलब्ध आहे. सहा महिने किंवा एक वर्ष औषध घेतले म्हणजे रोग बरा होतो, आणि ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. २००५ च्या अखेरीस, दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण या निकषावर, देशातून कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. तरीही आपल्या देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात. अंगावर बधिर चट्टा उठला तर तो लपविण्याकडेच आजही अनेकांचा कल असतो. तो लपविला जातो रोगाच्या भीतीने नव्हे, माणसांच्या भीतीने. आणि लपविण्यात जे महिने जातात त्यांतच हात आणि पाय कायमचे निकामी होतात.

तेव्हा साधनाताईंचे स्मरण करावयाचे ते कसे? त्यांना देवता मानणे सोपे आहे. देवतेचे अनुकरण करण्याची कोणावर सक्ती नसते. पण त्यांनी जे केले ते प्रत्येक घरात थोडेबहुत चालते. आजाऱ्याला वेळेवर पेज द्यावी, त्याचे अंथरूण झाडून घालावे, तो गप्प असेल तर का गप्प आहे हे पाहावे, हे आपल्या आयाआज्या करीत आल्या आहेत. साधनाताईंनी या घरगुती गुणांना फक्त घराची भिंत मानली नाही. आपल्या शेजारी, आपल्या नात्यात, आपल्या कामाच्या ठिकाणी असा एखादा मुका रुग्ण असेल, तर त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकून घेणे आपल्याही हाती आहे. तेवढे ज्याच्या हातून घडेल त्याने साधनाताईंना खरी श्रद्धांजली वाहिली, असे मी समजेन.